हळदीचा कागद आणि साबणाचा हात

नऊ डिसेंबर, मंगळवार. सकाळचे दहा. काम : मैद्याच्या खळीत हळद कालवून ती कागदांना फासणे.

खळ करणं अवघड नाही. दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. उतरवताना चिमूटभर मीठ आणि थेंबभर तेल. गार झाली की लहान मुलाच्या हातात द्यायला याच्याइतका बिनधोक रंग बाजारात मिळत नाही. तोंडात गेलाच तर मैदा आणि हळद जाणार, आणि ती दोन्ही आपण मुलांना तसंही खायला घालतो. बाजारातल्या बाटलीवर ‘विषारी नाही’ असं लिहिलेलं असतं, पण दोन वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, आणि मला त्या लिहिण्यावर विश्वास नाही.

आमच्या भाड्याच्या घराला मागे ओटा आहे. जयपूरच्या राजा पार्क बाजारामागच्या गल्लीत तळमजला, वर मकानमालकीण. डिसेंबरात साडेनऊनंतर ओट्यावर ऊन येतं. तिथे मी ड्रॉइंगचे सहा मोठे कागद अंथरले, चार कोपऱ्यांवर बटाटे ठेवले आणि जुन्या ब्रशने हळद ओढायला लागले. वाळले की त्यांच्यावर काहीतरी चिकटवता येईल, एवढाच विचार होता. खरं सांगायचं तर विचार संपले होते. दुसऱ्या दिवशी, बुधवारी अकरा वाजता, दत्तक संस्थेच्या मॅडम घर बघायला येणार होत्या, आणि आमच्या घरातली अडीच वर्षांची मुलगी कशालाच हात लावत नव्हती.

ती आमच्याकडे सप्टेंबरात आली. नवरा सरकारी बँकेत, बदलीमुळे जयपूर. आमची दोघांची वयं मिळून दत्तकाच्या नियमात जेमतेम बसत होती, म्हणून नंबर लागला तेव्हा मी पेढे वाटण्याऐवजी कागदपत्रांच्या तीन-तीन प्रती काढून घेतल्या. मूल घरी आलं तरी दत्तकाचा आदेश निघेपर्यंत ते सांभाळायला दिलेलं असतं. मॅडम येणार, बघणार, अहवाल लिहिणार, तो वर जाणार. ‘मूल रुळलेलं नाही’ असं त्यात आलं तर पुढे काय होतं, हे मी कोणाला विचारलं नाही. उत्तर काय असेल याचा अंदाज होता.

मुलगी शांत. फारच शांत. जेवताना सांडायची नाही. खेळणी दिली की बघून जागेवर ठेवायची. कोणीही हात पुढे केला की त्याच्या कडेवर जायची, भाजीवाल्याच्याही. लोक म्हणायचे, किती गुणी मूल आहे. मी सात वर्षं बालवर्ग शिकवला आहे. अडीच वर्षांचं मूल इतकं गुणी असेल तर मला काळजी वाटते. संस्थेला मी दोष देत नाही. वीस मुलं आणि दोन आया, तिथे हात स्वच्छ ठेवणारं मूलच सगळ्यांना सोयीचं. तिने तिथलं काम चोख शिकून घेतलं होतं.

पहिल्यांदा मी गेरू आणला. दिवाळीच्या आधी इथे गेरूचे आणि पांढऱ्या खडूमातीचे खडे ढिगाने विकायला येतात, बायका त्याने अंगणात मांडणे, म्हणजे इथली रांगोळी, काढतात. मी तो कुटला, फडक्याने दोनदा चाळला, खळीत मिसळला. परातीत लाल चिखल. कुठलंही मूल कोपरापर्यंत हात घालेल. तिने माझ्या सांगण्यावरून एक तळवा टेकवला, उचलला, आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभी राहिली. रडली नाही. “गंदा,” म्हणाली. मग, “पोंछो.” मी पुसलं. ती जाऊन भिंतीला टेकून बसली.

मग कणकेचा गोळा दिला, मीठ-तेल घालून मळलेला. तिने तो दोन्ही हातांनी उचलून परत माझ्या ताटलीत ठेवला. बीटाचा रस दिला. तो फडक्याने पुसून टाकला, फडकं घडी करून ठेवलं. मी रोज पुन्हा मांडत राहिले, न बोलता. मी गेरूत बोटं घालायची, माझ्यापुरते कागदावर ओरखडे काढायची, ती भिंतीपाशी. तीन आठवड्यांनी ती सरकत सरकत परातीपर्यंत आली. एका बुधवारी तिने एका बोटाचं टोक गेरूला लावलं, लगेच काढलं आणि फ्रॉकला न पुसता नुसतं बघत राहिली. मी त्या दिवशी जेवताना एक पोळी जास्त खाल्ली.

आणि त्यानंतरच्या शुक्रवारी मी सगळं घालवलं.

झालं असं की संस्थेकडून निरोप आला. भेटीआधी काही कागद ऑनलाइन चढवायचे होते : लसीकरण, वजन, घरातले फोटो, आणि ‘बच्ची की गतिविधि’ म्हणून तिने केलेलं काहीतरी. मकानमालकिणीला हे मी जिन्यात सांगितलं आणि अर्ध्या तासात ती नातवाच्या शाळेची फाइल घेऊन खाली आली. फाइलीत कापसाची मेंढी होती, मुगा-मसुरीचा मोर होता, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर होतं. मेंढीला भुवया होत्या.

“यह सब तीन साल के बच्चे ने किया?” मी विचारलं.

“अरे भाभीजी!” ती हसली. “सब मम्मियाँ ही बनाती हैं. टीचर को भी पता है. बच्चा तो बस पास में बैठता है.”

“तो मार्क्स किसको मिलते हैं?”

“मम्मी को.” तिने मेंढी माझ्यासमोर सरकवली. “आप भी एक बना दो. सरकारी काम है, अच्छा दिखना चाहिए.”

ती गेल्यावर मी बराच वेळ त्या मेंढीला नावं ठेवली. नवऱ्यापाशीही ठेवली. तो म्हणाला, “ते ठीक आहे, पण आपण काय चढवणार आहोत? कोरा कागद?”

दुपारी चार वाजता मी मुलीला मांडीवर घेतलं, तिच्या मुठीत खडू दिला, मुठीवर माझी मूठ धरली आणि सूर्य, दोन डोंगर आणि एक घर काढलं. चार मिनिटं लागली. माझी सात वर्षं यातच गेलेली, शेकडो मुलांचे हात धरून मी अ-आ गिरवून घेतले आहेत. हाताला सवय आहे. संध्याकाळी नवऱ्याने फोनवर फोटो काढून चित्र चढवलं आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाइलीला लावला.

“छान आलंय,” तो म्हणाला. “तिने काढलं?”

“हात तिचाच होता.”

त्याने फाइल बंद केली. पण त्याला कळलं, आणि त्याला कळलं हे मलाही कळलं.

शनिवारी सकाळी मी गेरूची परात मांडली. मुलगी आली, माझ्या मांडीत बसली आणि उजवा हात माझ्या हातात दिला. नखं कापायला देतात तसा, ढिला. मी तो खाली ठेवला. तिने पुन्हा उचलून दिला. मी म्हटलं, “तू कर.” तिने माझी मूठ धरून आपल्या मुठीवर ठेवली आणि वाट बघत बसली. रविवारी तेच. सोमवारी तेच. तिच्या दृष्टीने ती बरोबरच होती : मौसीला (संस्थेच्या सवयीने ती मलाही मौसीच म्हणायची) सूर्य हवा आहे, मौसी काढून घेते, आपण हात द्यायचा. तीन आठवडे जे बोट एकटं पुढे येत होतं त्याला मी चार मिनिटांत नोकरीला लावलं होतं.

म्हणून मंगळवारची हळद. रागाच्या भरात फासत होते म्हटलं तरी चालेल, आणि राग कोणावर ते उघड आहे.

दुसरा कागद संपत असताना सांगलीहून फोन आला. माझ्या मोठ्या जाऊबाई. मी त्यांना वहिनी म्हणते. त्या प्रेमळ आहेत, आणि त्यांचं प्रेम सूचनांच्या रूपात येतं.

“काय करतीयस?”

“कागदाला हळद लावतेय.”

“उद्या ती बाई येणार आणि तू कागदाला हळद लावतीयस? पडदे धुतलेस का?”

“पडद्यांना काय झालंय?”

“आणि हळद कुठली?”

“तुम्ही पाठवलेली.”

“माझी? अगं वर्षाची हळद गं ती! उभं राहून कांडून आणली मी. कागदं रंगवायला?”

“दोन वाट्याच घेतल्यात, वहिनी.”

“दोन वाट्या!” मग आवाज खाली आला. “ऐक माझं. घर चकाचक कर, पोरीला नवा फ्रॉक घाल, त्या बाईला गरम शिरा दे. ती विचारेल त्याला हो म्हण. हट्ट करू नकोस. तुझ्या हट्टापायीच दहा वर्षं गेली.”

ही दहा वर्षं म्हणजे मी नवस केले नाहीत, बुवा-महाराज केले नाहीत, डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर चौथा डॉक्टर केला नाही ती. मी म्हटलं, “हट्ट नसता तर ही घरात आलीच नसती.” त्यांनी ते ऐकलं की नाही माहीत नाही, कारण तेवढ्यात माझं लक्ष मुलीकडे गेलं.

मी फोनवर असताना ती एकटीच बादलीपाशी गेली होती. हात धुणं हे तिचं आवडतं काम. दिवसातून आठ-दहा वेळा धुवायची, आणि मी तिच्यासाठी साबणाच्या वडीचे उरलेले तुकडे ओट्याच्या कडेला ठेवायची. फेस भरपूर केला होता, पाणी ओतायला मी नव्हते, म्हणून फेसाचे हात घेऊन माझ्याकडे यायला निघाली. ओल्या ओट्यावर पाय सरकला आणि तोल सावरायला तिने तळवा पहिल्या कागदावर टेकला. तो तोवर वाळत आला होता.

पिवळ्यावर लालभडक पंजा उमटला.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे हळदीचे हात ब्लाउजला पुसणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत आहे. आपलं कुंकूसुद्धा हळदीचंच होतं, फक्त तिथे चुना लागतो. पण याचं चित्र होईल हे मला बेचाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.

तिने कागदाकडे पाहिलं. मग हाताकडे. हात पांढरा, फेसाचा, स्वच्छ. पुन्हा कागदाकडे.

“गंदा?” तिने मला विचारलं. सांगितलं नाही, विचारलं.

“नाही. साबण आहे.”

ती बादलीपाशी गेली, दुसऱ्या हाताला साबण चोळला, परत आली आणि तो टेकवला. लाल. मग एक बोट. मग बोट टेकवून चालायला लागली, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मागे लाल रेघ येत राहिली. रेघेच्या शेवटी ती थांबली आणि मागे वळून बघितलं, कोणीतरी पाठलाग करत असल्यासारखं.

मी फोनवर “नंतर बोलते” म्हटलं आणि खाली बसले. माझे हात स्वस्थ राहीनात. इथे एक गोल काढ, तिथे बोटं टेकव, असं सगळं मनात येत होतं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत ती अकरा वेळा साबण घ्यायला गेली. सूर्य नाही, डोंगर नाही, घर नाही. रेघा, पंजे, एका जागी घासून घासून कागद फाटलेला. फाटलेल्या भोकातून तिने ओट्याकडे पाहिलं. मग पुढचा कागद.

वाळल्यावर तो लाल रंग विटका, तपकिरी होतो. उन्हात राहिला तर दोन-तीन दिवसांत हळदही उडते. ही चित्रं टिकत नाहीत. ज्यांना टिकाऊ पाहिजे त्यांनी कापसाची मेंढी करावी.

बुधवारी मॅडम अकराऐवजी दहा वाजून दहा मिनिटांनी आल्या. मला वाटतं मुद्दाम. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं.

घर असं होतं : पडदे न धुतलेले. शिरा न केलेला. मागच्या ओट्यावर चार पिवळे कागद, साबणाच्या पाण्याची बादली, आणि मध्ये मुलगी, बाह्या वर सारलेल्या, स्वेटर पोटापाशी ओला, गुडघे पिवळे. नवरा इस्त्रीच्या शर्टात फाइल घेऊन उभा. आणि मॅडमच्या मागोमाग जिन्यावरून मकानमालकीण, हातात नातीचा झालरींचा फ्रॉक.

“भाभीजी, पाँच मिनट,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “मैं बच्ची को तैयार कर देती हूँ. आप इनको चाय दो.”

“यह तैयार ही है,” मी म्हटलं.

मॅडम पन्नाशीच्या, साडीवर शाल, खांद्याला कापडी पिशवी. त्या ओट्यावरच वेताच्या मोढ्यावर, म्हणजे बुटक्या बैठकीवर, बसल्या. वजन विचारलं, झोप विचारली, जेवण विचारलं. नवऱ्याने भराभर उत्तरं दिली, तोंडी परीक्षेसारखी. मग त्यांनी फाइल उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं चित्र वर काढलं.

“यह सूरज और पहाड़ बच्ची ने बनाया?”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मकानमालकीण म्हणाली, “जी. बहुत होशियार है हमारी गुड़िया.”

हो म्हण, असं सांगलीहून सांगितलेलं होतं. एक अक्षर म्हणायचं होतं. मुलगी मागे साबण शोधत होती.

“नहीं,” मी म्हटलं. “मैंने बनाया. हाथ इसका पकड़ा था.”

मकानमालकिणीने फ्रॉक छातीशी धरला. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

“तो भेजा क्यों?”

“डर गई थी.”

“और यह?” त्यांनी पेनाने ओट्याकडे दाखवलं.

“हे सगळं तिचं.” गडबडीत मी मराठीत बोलले. मग हिंदीत पुन्हा सांगितलं.

त्यांनी पेन बंद केलं आणि बघत बसल्या. आम्हाला कोणालाच काही विचारलं नाही. दहा-बारा मिनिटं झाली असतील. मुलीने एक कागद संपवला, दुसऱ्यावर बसली, उठली, ओल्या चड्डीचा तपकिरी शिक्का बघून पुन्हा बसली. मग मॅडम हात पुढे करून म्हणाल्या, “आओ बेटा. हाथ गंदे हो गए. चलो, मैं धुला दूँ.”

हात धुणं आणि पुढे केलेला हात, या दोन गोष्टींना तिने आजवर कधीच नकार दिला नव्हता.

तिने आपला हात उलटा-सुलटा करून पाहिला. “नहीं,” म्हणाली.

“आओ ना. टॉफी दूँगी.”

ती उठली, सरळ माझ्या मागे आली आणि दोन्ही ओले हात माझ्या पाठीवर दाबून उभी राहिली. “नहीं,” पुन्हा, माझ्या पाठीआडून, मोठ्याने.

नवरा घाईने म्हणाला, “सॉरी मॅडम, नई जगह...”

“सॉरी क्यों?” मॅडम लिहीत होत्या. “मैंने इसको वहाँ दो बार देखा है. जो हाथ बढ़ाए, उसके साथ चल देती थी. मना करना इसे आता ही नहीं था.” त्यांनी वर न बघता आणखी तीन ओळी लिहिल्या. “किसके पीछे छुपना है, यह भी आज पता है इसको.”

त्या चहा न घेता निघाल्या. दाराशी चपला घालताना मला म्हणाल्या, की त्या आज जे पाहिलं ते अहवालात लिहितील आणि त्यांना चिंता वाटत नाही. पण ते सूर्याचं चित्र वर चढलेलं आहे, ‘मुलीने केलेलं’ म्हणून. बदलायचं असेल तर मी लेखी द्यावं. नाही दिलं तर कोणी बघणार नाही. दिलं तर वरून कोणी विचारूही शकतं, आणि आदेशाला वेळ लागू शकतो. “आप सोच लीजिए.”

दार लावून मी वळले तर नवरा पाठीशीच.

“यात सोचायचं काय आहे?” तो म्हणाला. “अहवाल चांगला जातोय. आता आपणच खडा टाकायचा?”

“तो खडा मीच टाकलाय, शुक्रवारी.”

“एक चित्र आहे ते! सूर्य आणि डोंगर! देशातल्या प्रत्येक घरात तेच चित्र आहे.”

“म्हणूनच.”

“आणि आदेश दोन महिने लांबला तर?”

“लांबेल.”

“तू गेलीस पुन्हा हट्टावर.”

“हो,” मी म्हटलं.

तो चिडला, आणि त्याचं चिडणं बरोबर होतं. घाबरलेला माणूस तेच बोलणार. मकानमालकीण जिन्यात उभी राहून ऐकत होती, ती तिथूनच म्हणाली, “भाभीजी, छोड़ दो ना. किसका नुकसान हुआ?” संध्याकाळी वहिनींचा फोन आला. नवऱ्याने त्यांना आधीच सांगितलं होतं. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. “बाई गं,” एवढंच म्हणाल्या, “हातातोंडाशी आलेला घास आहे. तुला भीती वाटत नाही का?”

“वाटते.”

“मग?”

मी त्यांना सांगितलं ते नवऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. ती फाइल माझी नाही. मुलगी मोठी झाली की ती मागू शकते, कायद्याने. अठरा वर्षांची होऊन ती एखाद्या दिवशी ते कागद उघडेल, आपण कुठून आलो ते बघायला. तिथे आमच्या घरातून गेलेला पहिला कागद तो सूर्य असेल, खाली तिचं नाव. तिला आठवणार काहीच नाही. ती म्हणेल, हे मी काढलं. आणि ते खोटं असेल, आणि ते माझ्या अक्षरात असेल. गुणी असण्याचं सर्टिफिकेट तिला आधीच मिळालेलं आहे, त्याची आणखी एक प्रत मी जोडणार नाही. आदेशाला उशीर झाला तर तो मी सहन करीन, मला चाळीस कागद जमवायची सवय आहे. हा कागद मात्र मी तसा ठेवणार नाही.

वहिनी म्हणाल्या, “जेवली का ती?” मी म्हटलं, जेवली. भात सांडला. बराच.

“सांडला?”

“हो.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा बँकेत गेल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्ज लिहिला. हिंदीत, पाच ओळी. अमुक तारखेला चढवलेलं चित्र मुलीने काढलेलं नसून मी तिचा हात धरून काढलं आहे. ते रद्द समजावं. सोबत तिने स्वतः केलेल्या कामाचे दोन कागद जोडले आहेत. ‘क्षमा’ हा शब्द एकदा घातला. त्याहून जास्त घालायचं कारण नव्हतं. दोन प्रती केल्या. कागद निवडताना चांगले-वाईट बघितले नाहीत, वरचे दोन उचलले. त्यांतला एक फाटलेला होता.

मुलीला घेऊन ऑटोने शहरातल्या सी-स्कीम भागात गेले. संस्थेचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. टेबलामागचा बाबू तरुण होता. त्याने अर्ज वाचला, मग मागचे पिवळे कागद उचलून दोन्ही बाजूंनी बघितले.

“मैडम, इस पर तो कुछ बना नहीं है.”

“बना है. ध्यान से देखिए.”

त्याने नीट पाहिलं. त्याच्या बोटांना हळद लागली. “यह फाइल में कैसे लगेगा? बड़ा है. मोड़ दूँ?”

“मोड़िए मत.”

“और फटा हुआ है.”

“फटा हुआ ही लगाइए.”

त्याने सुस्कारा सोडला, मोठं पाकीट शोधलं, कागद गुंडाळून आत घातले, वर क्रमांक टाकला. मी दुसरी प्रत पुढे केली आणि पोच मागितली. तो म्हणाला, पोचेची गरज नसते. मी म्हटलं, मला असते. त्याने शिक्का मारला, तारीख घातली, सही केली. मी शाई वाळेपर्यंत थांबले, कागद पर्समध्ये ठेवला, खुर्चीवर चढून पंख्याची बटणं दाबणाऱ्या मुलीला खाली उतरवलं, आणि आम्ही दोघी जिना उतरून ऑटो बघायला रस्त्यावर आलो.